पालथी लक्ष्मी

जमलेल्या मायबापांनो, आणि शमीम, तू चाचांची लेक, तुला तर आधी,

आत्तापर्यंत या शोकसभेत चौघं बोलले. चौघंही मकबूलचाचांच्या चांगुलपणावर बोलले. मी शालन. त्यांच्यावर चोरीचा आळ घेणारी बाई. तरी मला बोलू द्या. आज नाही बोलले तर मग कधी बोलू?

चाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, लोहाऱ्यात स्टँडसमोर. जुन्या नाण्यांची किंमतही तेच सांगायचे. डोळ्याला घड्याळाचं भिंग लावायचे, नाणं तोलायचे, फरशीवर वाजवून आवाज ऐकायचे. त्याचा एक पैसा घेत नव्हते.

सहा वर्षांमागं मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. जुन्या रुपयाला म्हणे दहा लाख! आमच्या देवघरात निजामाच्या काळातला चांदीचा रुपया होता. सासूबाईंच्या सासूपासून लक्ष्मी म्हणून पुजलेला. मला लगेच पत्र्याच्या जागी स्लॅब दिसायला लागला. 'नुसती किंमत विचारून येते,' असं सासूबाईंना सांगून निघाले.

आमच्याकडं एक रीत. लक्ष्मी पालथी करायची नाही. धुवायची तीसुद्धा वरूनच. चाचांनी भिंगाखाली रुपया पालटला तेव्हा मी तोंड फिरवलं. पाप लागंल म्हणून!

चाचा म्हणाले, "बेटी, चांदीचा भाव येईल, वर थोडं. एक बाजू हळदीकुंकवानं पार गुळगुळीत झालीय. असल्याला नाणी जमवणारे हौशी लोक लई देत न्हाईत. देवघरातच राहू दे."

दहा लाख कुठं आणि चांदीचा भाव कुठं! फणफणत घरी आले. सासूबाईंना मोतीबिंदू, त्या अंगठ्यानंच बघायच्या. रुपयावर अंगठा फिरवला आणि हात मागं घेतला. "हे काय टोचतंय? आपली लक्ष्मी गुळगुळीत हाय. ही आपली न्हाय गं, शालन." मी वाकून बघितलं. चारमिनार! आमच्या रुपयावर असलं काही मी कधीच बघितलं नव्हतं.

तशीच उलट्या पावली गेले. बाजाराचा दिवस. भर गर्दीत ओरडले, "चाचा, रुपया बदलला तुम्ही!"

चाचा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "एकदा पालटून बघ, बेटी."

मी म्हटलं, "आमची लक्ष्मी पालथी करायला सांगता?"

आता बघा. ती आमची लक्ष्मी नाही म्हणून मी भांडत होते, आणि लक्ष्मी म्हणून पालथीही करत नव्हते. ही माझी अक्कल! रुपया त्यांच्या काचेवर फेकला आणि आले. त्यांनी दोनदा घरी पाठवला. मी दोन्हीदा परत धाडला.

त्यानंतर तुमच्यातल्या किती जणांनी त्यांच्या हातात नाणं दिलं? खाली बघू नका. आग मी लावली होती.

सासूबाई गेल्या. 'माझी लक्ष्मी चोरली' म्हणतच गेल्या.

परवा शमीमनं एक पुडी आणून दिली. वर चाचांच्या अक्षरात माझं नाव. आत तोच रुपया, चारमिनार वर. मी पालटला. दुसरी बाजू गुळगुळीत. कडेला आमचं कुंकू अजून तसंच. चाचांनी ते पुसलं नव्हतं. मी अंगठा ठेवला. आमचीच लक्ष्मी. चाचांनी पालटली तशीच मी त्या दिवशी घरी नेली होती.

तेव्हापासून तो आवाज जात नाही. तव्यावर भाकरी उलटते, तेव्हा मागून येतो. 'एकदा पालटून बघ, बेटी.' मी वळते. घरात कुणी नसतं. भाकरी करपून जाते.

मंडळी, चाचांनी रुपया बदलला नव्हता. खोटी मी. जिथं जिथं माझं तेव्हाचं बोलणं पोचलं, तिथं हेही पोचवा. एवढं करा माझ्यासाठी. नाही, माझ्यासाठी नको, शमीमसाठी करा.

हा रुपया मी या टेबलावर ठेवते. चारमिनार वर. ज्याला शंका असंल त्यानं स्वतःच्या हातानं पालटावा.

आता उभं राहू या. दोन मिनिटं कुणी बोलू नका. मला त्यांचा आवाज ऐकायचाय, आणि आज तोंड फिरवायचं नाही.

चाचा, सलाम. बघितलं पालटून.