झेंडूच्या हाराखालचा शब्द

आमच्या काकांनी घरात कधी खुर्चीसुद्धा उचलली नाही. ते आपणहून शिडीवर चढले, तेव्हाच मला संशय आला. आदिलाबादला स्तनाच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला पैसे जमवण्यासाठी आम्ही गावकरी धावणार होतो. शिवाय बायकांसाठी मैदानातच तंबूत मोफत तपासणी होती. त्याचा बॅनर बांधायचं काम काकांनी मागून घेतलं.

मी बघायला गेले. बॅनरवर नेमका 'स्तन' या शब्दावर झेंडूचा जाड हार! खाली तेलुगू शब्दावरही तसाच.

"काका, हार तिथंच काऊन?"

"शोभेसाठी, पोरी."

"मग तपासणी कशाची, ते बायकांना कळणार कसं?"

"ज्याले समजायचं त्याले समजते. चारचौघांत कशाले?"

मी दोन्ही हार काढले. धावून परत आले, तर दोन्ही पुन्हा जागेवर. तंबूत एकही बाई नाही, नर्स बिचारी मोबाईल बघत बसलेली. मी भडकले आणि काकांपुढे माईकच धरला.

"सांगा, कोणता आजार आहे?"

"तो... बायकांचा. वरचा."

"डोक्याचा?"

सगळं मैदान हसलं. काकांच्या मागे उभी असलेली काकू मात्र हसली नाही. तिने बॅनरवरून लोंबणारा एक हार खाली ओढला, काकांच्या हातात दिला आणि तंबूकडे चालू लागली.

"तू कुठं चालली वं?" काका ओरडले.

"माह्या स्तनात गाठ हाय. तुमच्यासमोर कोनता शब्द काढू, म्हनून इतके दिवस गप होती मी."