अंगाईतली खरखर

चष्म्याच्या दुकानात बाई आपला नंबर पुकारायची वाट बघत होत्या. शेजारी भाऊबहीण बोलत होते. चोरून ऐकायची गरजच नव्हती, दोघांचे गळे भोंग्यासारखे.

“दादा, आईच्या अंगाईचं ते जुनं रेकॉर्डिंग अजून खरखरतंच?”

“कॉम्प्युटरवर लिनक्सचे सगळे प्लेयर बदलले, बफर वाढवला, ड्रायव्हर नवा टाकला. आज फिल्टर लावून खरखरच पुसून टाकतो.”

“बाकीची गाणी?”

“स्वच्छ वाजतात.”

“मग प्लेयरला कशाला शिव्या घालतोस, शहाण्या? लाव फोनवर.”

खरर, खरर, मग फूं. आईच्या आवाजामागे पुन्हा खरर, खरर, फूं.

“ही फुंकर कुणाची?”

“थांब. बाबा रंधा मारतायत गं. भुसा उडवतायत.”

“आई गात असताना?”

“तू जन्मलीस तरी त्यांनी तुझा पाळणा अर्धाच केला होता.”

“आणि तू त्यांनाच पुसायला निघालास. त्यांचा दुसरा कुठला आवाज आहे आपल्याकडे?”

“नाही. बोलायचे कुठे ते.”

“फिल्टरला हात लावलास तर तंगडं मोडीन. वाढव आवाज.”

बाईंचा नंबर पुकारला गेला. त्यांनी मागच्या माणसाला पुढे जायची खूण केली आणि बसून राहिल्या.