शून्यचाकी समितीची खुर्ची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आपल्या वाहतूक तंत्रज्ञ संघाचे पदाधिकारी, लांबच्या शाखांमधून वेळात वेळ काढून आलेले सभासद, आजचे सत्कारमूर्ती सचिवसाहेब, आणि बंधुभगिनींनो,

सुरुवातीला टेबलावरच्या या दिव्याला नमस्कार करतो. नव्या सभासदांसाठी सांगतो, हा एका चौकातून सेवानिवृत्त झालेला सिग्नल आहे. साहेबांनी तो भंगारातून आणून दुरुस्त केला. हिरवा असेपर्यंत वक्त्याने बोलायचं, पिवळा लागला की आवरतं घ्यायचं, लाल लागला की बसायचं, मग वाक्य अर्धं का असेना. बटण साहेबांच्या हातात. या सभागृहाच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी ‘आणि म्हणूनच आपलं भवितव्य’ इथे खाली बसवलं होतं. ते भवितव्य काय, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. मी रोज सकाळी देवापुढे चार शब्द बोलतो, त्यामुळे दिव्यासमोर बोलायची मला सवय आहे. तिथला रंग बदलत नाही, एवढाच फरक.

माझ्याकडे आज दोन कामं आहेत. एक निरोपाचं भाषण, दुसरं एक नाव सुचवणं. दुसरं आधी उरकतो, त्याला कारण आहे. आज सकाळच्या सभेत जी शून्यचाकी समिती मंजूर झाली, तिच्या प्रमुखपदासाठी मी साहेबांच्या पत्नी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वहिनी, यांचं नाव सुचवतो.

आपल्या घटनेत कलम असं आहे, की सूचकाचं भाषण संपायच्या आत ज्याचं नाव सुचवलं त्याने व्यासपीठावर येऊन आपल्या खुर्चीत बसलं पाहिजे. नाही तर नाव रद्द आणि समिती पुढच्या वर्षावर. पुढच्या वर्षी साहेब सचिव नसतील, तेव्हा पुढच्या वर्षावर म्हणजे कुठे, ते आपण जाणताच. कलम विचित्र वाटेल. पण मागे आम्ही एका गृहस्थांना समितीप्रमुख केलं आणि ते त्यांना दोन वर्षं कोणी सांगितलंच नाही. त्या काळात समितीचं काम उत्तम चाललं. तरी साहेबांना ते पटलं नाही आणि त्यांनी स्वतःच्या हाताने हे कलम लिहिलं.

वहिनी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसल्या आहेत. पुढे बसा म्हटलं तर म्हणाल्या, पुढच्या खुर्च्या तंत्रज्ञांच्या. आता त्या उठल्या आहेत. कृपया कोणी हात द्यायला धावू नये, त्यांनी तसं बजावलं आहे. मधल्या वाटेतल्या पिशव्या तेवढ्या आत घ्या.

तर, संघाची वाटचाल.

संघ सुरू झाला बस आगाराच्या कॅन्टीनमध्ये, एक पाय तोकडा असलेल्या टेबलाशी. साहेब सिग्नलचे, मी बसच्या ब्रेकचा, आणि आजचे खजिनदार, जे तेव्हा टायरचं काम पाहत. टेबल हलू नये म्हणून एकाने गुडघा लावून बसायचं, आणि ज्याचा गुडघा तो अध्यक्ष, अशी पद्धत होती. पुढे सभासद वाढले. इतके, की समित्या कराव्या लागल्या. आम्ही त्या चाकांवरून केल्या. दुचाकी, तीनचाकी, चारचाकी. मग बसवाले म्हणाले, मागे जोडटायर असतात, आम्ही सहाचाकी. चारचाकीवाल्यांनी हे मनाला लावून घेतलं. हा वाद वर्षभर चालला आणि त्या वर्षी सभासद सर्वांत जास्त वाढले. आज चार विभागांत शाखा आहेत, स्वतःची इमारत आहे आणि इमारतीसमोर आपण स्वतः आखलेला चौक आहे, जो बघायला लोक बाहेरून येतात.

वहिनी अर्ध्या वाटेत आल्या आहेत. सावकाश या.

गेल्या वार्षिक सभेला साहेब चष्मा घरी विसरले. चष्म्याशिवाय अहवाल वाचता येईना, म्हणून वहिनी तो घेऊन निघाल्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. आम्ही सगळी कार्यकारिणी या खिडकीत उभी, चष्म्याची वाट बघत. समोर आपला चौक. चालणाऱ्यांचा हिरवा लागला, वहिनी निघाल्या. अर्ध्यावर पोहोचल्या आणि लाल लागला. हॉर्न सुरू झाले, त्या मागे फिरल्या. पुन्हा हिरवा, पुन्हा अर्धा रस्ता, पुन्हा मागे.

आता इतर कोणी माणसं असती तर खाली धावली असती. आम्ही तंत्रज्ञ. आम्ही खिडकीतच चर्चा सुरू केली. खांब हलवावा का, मध्ये थांबायला ओटा बांधावा का. एकाने पाहणी समिती सुचवली, दुसऱ्याने अनुमोदन दिलं. तेवढ्यात साहेब आमच्यात नाहीत हे लक्षात आलं. ते खाली रस्त्यात होते, चष्म्याविना, समोर जे काही अंधूक येत होतं त्याला हात दाखवत.

वर आल्यावर वहिनी पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “दिवा छान आहे हो तुमचा. पण माझ्यासाठी नाही तो.”

साहेबांनी चष्मा लावला आणि अहवालाऐवजी चौकाची मोजणी उघडली. सगळ्या वाहनांचे रकाने होते, दुचाकीपासून पुढे. चालणाऱ्यांचा नव्हता. कोणी मुद्दाम वगळलं नव्हतं. चाकंच नाहीत, तर त्यांना घालायचं कुठे, म्हणून राहून गेलं. साहेब म्हणाले, यांची समिती हवी. खजिनदार म्हणाले, चालणं हे तंत्रज्ञान नाही. आणि चेष्टेने म्हणाले, “मग काय, शून्यचाकी समिती काढायची?”

“हो,” साहेब म्हणाले. “नाव चांगलं आहे. लिहून घ्या.”

त्यानंतर वर्षभर हा ठराव प्रत्येक बैठकीत येऊन मागे जात राहिला. वहिनींसारखाच. आज सकाळी एका मताच्या फरकाने पलीकडे गेला. मी गावातल्या शाळेत शिकलो, शाळेला टेकडी ओलांडून जायचो. देवाने माणसाला पाय दिले, चाकं दिली नाहीत, त्यात त्याचा काही हिशेब असावा असं मला वाटतं. हे मी सभेत मांडलं नाही, कारण त्याला अनुमोदक मिळाला नसता.

पिवळा लागला आहे. दिसतो आहे मला. वहिनी व्यासपीठाच्या पहिल्या पायरीशी आहेत. या पायऱ्या आपण इतक्या उंच का बांधल्या, हे नव्या समितीने पाहावं. अर्थात समिती झाली तर.

माझा धंदा ब्रेकचा. जन्मभर लोकांना थांबायला शिकवलं. आज ते विसरावं लागतंय. साहेबांच्या गुणांपैकी अजून शिस्त राहिली, टापटीप राहिली, हस्ताक्षर राहिलं. हस्ताक्षर सुंदर आहे. आणखी काय बरं? ‘र’ विशेष सुंदर काढतात.

खजिनदार साहेबांच्या कानाशी वाकले आहेत. माइक चालू असल्याने आपण सगळ्यांनीच ऐकलं. ते विचारतायत, पिवळा इतका वेळ कसा, दिवा बिघडला का?

साहेब, जरा मोठ्याने सांगता का?

“बिघडलेला नाही. रस्त्यात माणूस आहे.”

धन्यवाद साहेब. खजिनदार, तुम्ही उठलात ते बरं झालं, ती खुर्ची जरा पुढे ओढा. अजून थोडी. हं.

वहिनी बसल्या.

मला वाटतं, साहेबांच्या कारकिर्दीबद्दल जे सांगायचं होतं ते झालं. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मधली वाट मोकळी ठेवणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, पाल्हाळ तर नक्कीच झालं असेल. पाल्हाळाचं कारण आता खुर्चीत बसलं आहे, बाकीच्याबद्दल मोठ्या मनाने क्षमा करावी. साहेबांना आणि वहिनींना ईश्वर उदंड

लाल लागला. बसतो.