गजावरचं कुंकू

बंदुकीच्या नळीतल्या खाचांचा पीळ मोजावा तर मीच, असं आमच्या नांदेडच्या नेमबाजीच्या रेंजवर सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं. रायफल जुनी, लहान बोअरची, म्हंजी नळीचं भोक बारीक. पण स्पर्धेसाठी मला जड गोळीचं काडतूस पाहिजे होतं. जड गोळी लांब असती. नळीतला पीळ घट्ट नसला की हवेत कोलांट्या खाती. म्हणून साफ करायच्या गजाला चिंधी गुंडाळून तो नळीत सारला. त्याच्यावर खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू होतं, तीच खूण धरली. गज फिरत आत गेला अन् सात इंचावर कुंकू परत वर आलं.

"सात इंचात एक फेरा! लई घट्ट पीळ हाय."

उदगीरचा शिवाप्पा, माझा जोडीदार, म्हणला, "एकदा पुन्हा मोजा की."

"मला शिकवून राहिला का?"

स्पर्धेत जड गोळ्या झाडल्या, तर माझ्या निशाणाच्या कागदावर गोल भोकांच्या जागी आडव्या चिरा पडल्या. शिवाप्पानं गज उचलून फिरवला. "कुंकू दोन बाजूंनी हाय. सात इंचात अर्धाच फेरा झालाय."

घरी येऊन बायकोवर तडकलो, "दोन्हीकडून कशाला लावलं?"

ती म्हणली, "पूजेला बसला असता, तर तवाच दिसलं असतं."