तिरपं धर, तिरपं!

...आणि चोर कोण ठरला, तर मी! का? तर मामाच्या लाँड्रीत गल्ल्यावर मी बसतो आणि कॉलेज मी अर्धवट सोडलंय. झालं, एवढा पुरावा बास!

तुम्हाला सांगतो, मामाला कुणीतरी अक्कल शिकवली, की खरं-खोटं ओळखायला नव्या नाण्यांवर छुप्या खुणा असतात. काठाला मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, आणि मधे एका कुलपाचं चित्र... सरळ धरलं तर दिसत नाही, तिरपं धरलं की दिसतं! त्या दिवसापासून मामाच्या डोळ्याला भिंग चिकटलं ते चिकटलंच. गिऱ्हाईक कपडे न्यायला घाईत उभं, आणि हा दिव्याखाली नाणं फिरवतोय. वर मला ओरडतोय, "तिरपं धर, तिरपं! माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

शेजारच्या म्हाताऱ्या मास्तरांचंसुद्धा नाणं तपासलं हो! मास्तर म्हणाले, "आता मलाही तिरपं धरणार का?" आणि बिनइस्त्रीचीच पँट घेऊन गेले. मामा माझ्या कानात, "बघितलंस? चिडला. खरा माणूस चिडत नाही." बरं, पुढचा बिचारा हसत उभा राहिला, तर त्याच्याबद्दल काय? "फार शांत आहे. मुरलेला दिसतो!"

आणि मग एक दिवस गल्ल्यात मूठभर नाणी निघाली... अक्षरं गायब, कुलूप गायब, नुसती टकलासारखी चकचकीत! मामाने लगेच आईला फोन लावला, आवाज असा की घरात कुणी गेलंय. "ताई, गल्ल्यात खोटी नाणी. आणि गल्ल्यावर तुझं रत्न." आई धावत आली आणि मलाच म्हणते, "खरं सांग, कुठून आणलीस?" सख्खी आई हो! मामा म्हणाला, "चला बँकेत. खोटी निघाली तर ह्याने दुकानाची पायरी चढायची नाही." आई म्हणाली, "घराचीही नाही."

बँकेतल्या बाईंनी एकेक नाणं बघितलं, वजन केलं आणि थंडपणे म्हणाल्या, "खरी आहेत. पण ही एवढी घासली कुणी?"

मी मामाकडे बघितलं. मामा छताकडे बघतोय! अहो, रोज दुपारी अर्धं शटर ओढून हाच माणूस, अक्षरं नीट दिसावीत म्हणून, नाणी डाग काढायच्या औषधात बुडवायचा आणि तारेच्या ब्रशने खसाखसा घासायचा, कॉलरचा मळ काढतात तशी! मी डोळ्यांनी बघितलंय, मला वाटलं म्हाताऱ्याला स्वच्छतेचा झटका आलाय. आधी अक्षरं घासून घालवायची, आणि मग बोंबलायचं, अक्षरं नाहीत!

वाटलं, आता तरी म्हणेल, चुकलं बाबा. छे! मोठ्यांची चूक झाली की तो अनुभव, आमची झाली की संस्कार कमी पडले. बाहेर पडल्या पडल्या आईला म्हणतो, "ताई, ती बाई फार पटकन 'खरी' म्हणाली. आणि बोलताना ह्याच्याकडे बघत होती..." आणि आईने? मान डोलावली!

दुसऱ्या दिवशी मी मुकाट गल्ल्यावर. समोर मामा, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात ब्रश. नाणं कुठेच नाही. माझ्याकडेच निरखून बघतोय. काय करणार? दिव्याखाली सरकलो, मान वाकडी केली आणि म्हटलं, "घे मामा, झालो तिरपा. बघ काही दिसतंय का... फक्त तो ब्रश तेवढा खाली ठेव."