वझिरिस्तानातलं पाणी

१९३७ साली नाशकात त्र्यंबकच्या मोटारीसाठी रांगेत उभा होतो. माझ्या पुढे सरहद्दीवरून रजेवर आलेला एक शिपाई आणि त्याची थोरली बहीण होती.

“मोतीराम, सरकारचं त्या पठाणांशी भांडण तरी काय हाय रे?”

“त्यांच्या मुलखातनं सरकारला सडक पाहिजे, आक्का. पलीकडच्या रशियाचं भ्या वाटतं.”

“मग तुम्ही काय करायचं?”

“सडकेवर गोळी आली, की जवळच्या गावातली घरं पाडायची. तसा हुकूमच होता.”

“अन् घरातली माणसं?”

“डोंगरात पळालेली. एका घरात म्हातारी तेवढी मागं राहिली होती. मला बघून आत गेली अन् पाणी घेऊन आली.”

“तू प्यायलास?”

“प्यायलो. लय तहान लागली होती.”

“मग तिचं घर तरी सोडलं असशील.”

“नाय. तिला हाताला धरून बाहेर बसवलं, अन् पाडलं.”

रांग पुढे सरकली, तशी तीही दोन पावलं पुढे झाली.

“हे आईला सांगितलंस?”

“आईनं विचारलं होतं, तिथल्या बायका कशा असतात म्हणून.”

“मग?”

“म्हटलं, तिथं बाईमाणूस दिसलंच नाय.”