लचकला पाय

पुरवणी जबाब

नाव: उत्तरा प्रभाकर देशकर. वय: ६६ वर्षे. धंदा: सेवानिवृत्त ग्रंथपाल. राहणार: बेसा, नागपूर.

मी आज शनिवारी दुपारी बारा वाजता ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, सन १९७३ च्या जुलै महिन्यात एका शुक्रवारी शेवटच्या तासाला मी आणि माझी वर्गमैत्रीण दीपमाला शाळेच्या प्रयोगशाळेतली माशांची काचेची टाकी धूत होतो.

यावर जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार सोनिका मेश्राम म्हणाल्या, "मॅडम, चोरी बुधवारची आहे नं. मधातली पन्नास वर्षं जरा कमी करा." मी कमी करून सांगते. परंतु टाकीच्या ओळखीची खूण तिथलीच आहे.

समोरच्या काचेवरचे शेवाळ निघत नव्हते. दीपमालाने बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या तुळसाबाईंकडून वाटीभर राख आणली. ती म्हणाली, "राखेनं आईचा तवा चमकते, मग काच काहून नाही चमकणार?" शेवाळ निघाले. उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत बारीक ओरखडेही पडले.

सिस्टर फिलोमिना यांनी त्यावर नख फिरवून पाहिले. नख अडकते तो ओरखडा जात नाही, अडकत नाही तो जातो, असे त्यांनी सांगितले. आमचे अडकत नव्हते. त्या रागावल्या नाहीत. "तुम्हीच घालवा," एवढेच म्हणाल्या. चष्म्याच्या काचा घासण्याची गुलाबी पावडर त्यांनी चष्मेवाल्याकडून आणवली. दीपमालाला आखूड झालेल्या ब्लेझरचा तुकडा आम्ही कापून घेतला. पावडर ओली करायची, सुकू द्यायची नाही, हात गोल फिरवत राहायचा आणि एका जागी थांबायचे नाही, अशी त्यांची सूचना होती.

मधल्या सुट्टीत दहा दिवस आम्ही घासले. ओरखडे पूर्ण गेले. मात्र एका जागी आम्ही घासत थांबलो, कारण आम्ही बोलत होतो. काय बोलत होतो ते या जबाबासाठी आवश्यक नाही.

त्या जागी काच किंचित खोलगट झाली. बोटाला ते लागत नाही, नुसते पाहून कळतही नाही. परंतु मागून मासा गेला की तो कमरेत लचकल्यासारखा दिसतो. हे प्रथम दीपमालाने पाहिले आणि ती ओरडली, "लचकला, पाय वं!" आमच्याकडे ‘पाय’ म्हणजे ‘पाहा’. सिस्टर केरळच्या, मराठी पुस्तकातून शिकलेल्या. त्या मलमाची बाटली घेऊन धावत आल्या आणि दीपमालाला खाली बसवून तिचा बूट काढू लागल्या. दीपमालाने दोन्ही पाय चोळून घेतले आणि मग खरे सांगितले.

पुढे शाळेने नवीन टाकी घेतली तेव्हा सिस्टरांनी जुनी आम्हा दोघींना दिली. तेव्हापासून ती एक वर्ष माझ्याकडे आणि एक वर्ष दीपमालाकडे असते. जूनच्या पहिल्या रविवारी पाळी बदलते. एकही पाळी चुकलेली नाही. दीपमाला रामटेके ही कोराडी येथे राहते. ती अडीच महिने दवाखान्यात होती. उद्या, त्याच रविवारी, तिला घरी आणणार आहेत. डॉक्टरांनी तपासणीची पुढची तारीख दिलेली नाही. तिचा मुलगा स्वानंद याने तिच्या खाटेसमोर टेबल मांडून ठेवले आहे.

बुधवारी सकाळी अकरा वाजता मी टाकी रिकामी करून इमारतीच्या पार्किंगमध्ये ठेवली व गुंडाळायला जुनी सतरंजी आणण्यासाठी वर गेले. सात-आठ मिनिटांनी आले तर टाकी नव्हती. त्या दिवशीच्या तक्रारीत ‘ओळखीची खूण’ या रकान्यात मी "उजव्या कोपऱ्यात बारीक ओरखडे" असे लिहिले. घाबरल्यामुळे तसे लिहिले गेले. माझ्या डोळ्यांसमोर ते अजून आहेत. काचेवर नाहीत.

काल, शुक्रवारी, गांधीबागेजवळ मासे विकणाऱ्या अंकुश यांच्या दुकानात एक मासा लचकताना मला रस्त्यावरून दिसला.

मी ठाण्यात कळवले व बोलावणे गेल्यावरून आज अंकुश टाकी रिकामी करून ठाण्यात घेऊन आले. त्यांचे म्हणणे, "मी भंगारवाल्याकडून घेतली. कागदावर ओरखडे लिहून आहे. एक ओरखडा दाखवा, आत्ता देतो." हवालदारांनी टॉर्च लावून पाहिले. ओरखडा नव्हता. मी म्हणाले, तीच खूण आहे. त्या म्हणाल्या, "नाही ते रकान्यात कसं लिहू, मॅडम?"

मी टाकीत लाकडी पट्टी उभी धरली. त्या जागेमागे पट्टी वाकली. अंकुश म्हणाले, "पट्टी कोनीबी वाकडी धरते, मावशी. मासा सोडून पाहू." ते दुकानात जाऊन पिशवीत एक सोनेरी मासा घेऊन आले. दोन शिपायांनी बादल्यांनी टाकी भरली. मासा दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरला. त्या वेळी टेबलावरचा फोन वाजत होता. तो कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा मासा त्या जागेमागून गेला.

"लचकला, पाय," असे हवालदार मेश्राम म्हणाल्या. मी त्यांना त्या शब्दांबद्दल तोपर्यंत काही सांगितले नव्हते. वर जे लिहिले आहे ते मी त्यानंतर सांगितले. अंकुश टाकीसमोर उकिडवे बसले आणि मासा पुन्हा येईपर्यंत उठले नाहीत. मग म्हणाले, "घेऊन जा, मावशी. मासाही राहू द्या तिच्यातच, त्याले सवय झाली." माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही.

तरी परवानगी मिळताच टाकी आजच सोडावी, ही विनंती. ती माझ्या ताब्यात न देता दीपमाला रामटेके हिच्या नावे स्वानंदकडे द्यावी, कारण पाळी तिची आहे. खाटेवर पडल्या पडल्या दिसेल अशा बेताने घासलेली जागा तिच्या बाजूला ठेवावी. मासा तिचा, नाव तिनेच ठेवायचे. मी जपून ठेवलेली पावडरची डबी आणि ब्लेझरचा तुकडा हवालदार मेश्राम यांनी घ्यावा, त्यांच्या मुलीच्या टाकीवर ओरखडे आहेत. नख आधी फिरवून पाहावे. पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी टाकी दीपमालाने मला द्यायची आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटच्या वाक्याशी हवालदार थांबल्या व त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते वाक्य मी सांगितले तसेच आहे, बरोबर आहे, खोडायचे नाही.